गाडीची सावली कोणावर पडते?

गटांतल्या सगळ्या ताई, वहिनी, मावशी, काकू, हातातली कामं चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज बोलायचं आहे गाडीच्या छपरीबद्दल. घराला जशी सपरी, तशी गाडीला छपरी.

आपल्या भागात आता बऱ्याच गटांनी छोटा हत्ती घेतला आहे. कोणी त्यात चहा-नाश्त्याची गाडी केली, कोणी भाजीची, कोणी पापड-लोणची-हातसडीचे तांदूळ विकतं. दिवसा आठवडी बाजार आणि दिवाळीनंतर रात्रीची नाटकं. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळी ते होळी गावोगावी मंडई, शंकरपट, आणि रात्रभर नाटक. जिथे नाटक तिथे चहा, भजी, आलुबोंडा लागतोच. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा असते. म्हणजे गाडीला वर्षभर काम आहे आणि वर्षभर उघड्यावर उभं राहणं आहे. हिवाळ्यात दव, मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी, मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा, आणि मग चार महिने धो धो पाऊस.

आम्ही गाडी घेतली तेव्हा बॉडी बांधली, शेगडी बसवली, रंग दिला, गटाचं नाव लिहिलं. सावलीचा विचार शेवटी केला. उरलेल्या पैशांत एक निळी ताडपत्री आणली आणि पत्र्याला चार स्क्रू मारले. त्या घाईची किंमत आम्ही पुढे मोजली. तुम्हाला ती मोजावी लागू नये म्हणून आज हे सगळं सांगते.

पहिला प्रश्न, छपरी कोणती घ्यायची? आपल्यासमोर तीन प्रकार असतात. पहिली म्हणजे बॉडीचीच एक बाजू बिजागरीवर वर उचलायची, तीच छप्पर होते. पत्र्याची असते म्हणून आगीला भीत नाही आणि मजबूत असते. पण जितकी झडप उंच तितकीच सावली मिळते, साधारण तीन फूट. शिवाय ती जड असते. तिच्याखाली दोन भक्कम टेकू हवेत. नुसत्या हवेच्या दांड्यावर भरवसा ठेवू नका. दांडा जुना झाला की झडप हळूहळू खाली येते, आणि कधी एकदम येते.

दुसरी म्हणजे दुकानात तयार मिळते ती, हँडल फिरवलं की दोन हात बाहेर येतात आणि कापड ताणलं जातं. परदेशात लोक गाडीतच चूल-बिछाना मांडून फिरतात, त्यांच्या गाड्यांना अशीच असते. दिसायला छान आणि एकटीला उघडता येते. पण महाग. आम्ही भाव काढला तेव्हा तेवढ्या पैशांत आमच्या तीन ताडपत्र्या आणि वेल्डिंगचं काम निघालं असतं. तिचे हात स्प्रिंगचे असतात, जोराच्या वाऱ्यात मोडतात, आणि ते दुरुस्त करणारा आपल्या तालुक्यात सापडेलच असं नाही. जी वस्तू गावात दुरुस्त होत नाही, ती घेताना दहादा विचार करा.

तिसरी म्हणजे पाईपावर गुंडाळलेली ताडपत्री आणि पुढे दोन खांब. ही स्वस्त असते, कोणताही वेल्डिंगवाला करून देतो, आणि फाटली तर कापड तेवढं बदलायचं. उघडायला दोघी लागतात, एवढीच तिची अट. आमची आता हीच आहे. बहुतेक गटांना हीच परवडेल, म्हणून पुढचं सगळं हिच्याबद्दल सांगते.

कापड कोणतं? साधी विणलेली प्लास्टिकची ताडपत्री हलकी आणि स्वस्त असते, पण ऊन तिला खातं. दोन उन्हाळे झाले की हातात भुगा येतो. जाड प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, ट्रकवर असतं तसं, ते जड पण टिकाऊ. कॅनव्हासखाली गार वाटतं, पण ओलं गुंडाळलं की बुरशी धरतं आणि कुजतं. रोपवाटिकेतली हिरवी जाळी उन्हाला उत्तम, पावसाला काहीच कामाची नाही. विकत घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. दोन कापडं सारखी दिसत असतील तर जास्त जीएसएमचं जास्त टिकतं. रंगही बघा. निळ्या कापडाखाली टमाटे काळे आणि पालक शिळा दिसतो, गिऱ्हाईक हात लावत नाही. वरून चंदेरी किंवा पांढरं असलेलं कापड ऊन परतवतं.

आता माप. आमच्या गाडीची मागची बॉडी सात फूट लांब आहे. छपरी सात फूट लांब, सहा फूट बाहेर. गाडीकडची कड जमिनीपासून आठ फुटांवर, बाहेरची कड साडेसहा फुटांवर. म्हणजे सहा फुटांत दीड फूट उतार. आधी आम्ही जेमतेम अर्धा फूट उतार दिला होता. त्यावर पाणी साचलं. एक चौरस मीटर कापडावर एक सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन दहा किलो होतं. कापड लोंबलं की खड्डा पडतो, खड्ड्यात आणखी पाणी येतं, आणखी लोंबतं. पाच सेंटिमीटर साचलं की तिथल्या तिथे पन्नास किलो. मग पाईप वाकतो. म्हणून उतार भरपूर द्या, आणि एक खांब दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली ठेवा. पाणी एका कोपऱ्यातून जाईल. तो कोपरा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नको आणि शेगडीकडेही नको. कापड कापताना उतार, दोन्ही कडांच्या पाईप घालायच्या शिवणी आणि पुढची झालर धरून सहा फुटांसाठी आठ फूट कापड धरा.

कोणत्या बाजूला लावायची? आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते. म्हणून छपरी आणि गल्ला गाडीच्या डाव्या बाजूलाच हवा. उजव्या बाजूला केला तर गिऱ्हाईक येणाऱ्या ट्रकसमोर उभं राहील. यात दुसरा विचार नाही.

आता बसवायचं कसं. पत्र्याला स्क्रू मारू नका. पत्रा पातळ असतो, वाऱ्याचे चार झटके बसले की स्क्रू भोक मोठं करून बाहेर येतो. आमचा तसाच आला. बॉडीच्या आत जो लोखंडी सांगाडा असतो, त्या पाईपाला धरूनच बोल्ट बसवा. आतून जाड पट्टी, दोन्हीकडून मोठे वायसर, आणि भोकाभोवती सिलिकॉन, नाहीतर तिथूनच पाणी आत येतं. कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या जागी लगेच रेड ऑक्साइड मारून घ्या, आपल्या पावसात लोखंडाला गंज लागायला वेळ लागत नाही. वेल्डिंगला गाडी नेण्याआधी सिलेंडर, रेग्युलेटर, तेलाचे डबे सगळं घरी उतरवा, आणि बॅटरीच्या तारा सोडायला सांगा. वेल्डिंगचा करंट गाडीच्या वायरिंगमध्ये गेला तर मोठा खर्च निघतो. काम चालू असताना गटातली एक बाई तिथे उभी राहिली पाहिजे. “ताई, तुम्हाला यातलं काय समजते?” असं कोणी म्हटलं तर म्हणा, “हप्ता आम्ही भरतो, ते समजते.”

खांबांना सव्वा इंची चौकोनी पाईपात एक इंची पाईप घालून, भोकं पाडून पिन लावली की उंची कमी-जास्त करता येते. तेवढे पैसे नसतील तर आपला मानवेल बांबू आहेच. तो भरीव असतो. वर-खाली दोन्ही टोकांना गाठ राहील असा कापा, म्हणजे चिरणार नाही.

गुंडाळलेली ताडपत्री भिंतीच्या बाहेर लोंबती नको, टपाच्या कडेवर बसवा. निघण्याआधी तीन ठिकाणी पट्ट्याने आवळा, खांब आत ठेवा. गाडी चालताना काहीही बाहेर आलेलं चालत नाही, सायकलवाल्याच्या डोक्याची ती उंची असते. आणि हे कागदाचं लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत असा बदल केला की नोंदणीच्या कागदावरची माहिती जुळत नाही, तर आधी परवानगी लागते. बॉडी बांधण्याआधीच आरटीओ कार्यालयात विचारा आणि बदलाची नोंद करून घ्या. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तोच कागद मागते. शहरात गाडी लावायची तर नगर परिषदेकडे पथविक्रेता म्हणून, आणि खाण्याचं विकायचं तर अन्न सुरक्षेची, अशा नोंदण्याही करून ठेवा.

आता वाऱ्याचं. ताशी ५० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १२ किलो जोर लावतो. सात बाय सहा फुटांची छपरी म्हणजे जवळजवळ चार चौरस मीटर. म्हणजे पन्नास किलोंच्या आसपास जोर. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. मग ती छपरी राहत नाही, पतंग होतो. प्रत्येक खांबाच्या डोक्यापासून एक दोरी तिरपी बाहेर न्या आणि खुंटीला बांधा. खुंटी गाडीच्या उलट दिशेला कललेली ठोका. डांबरावर खुंटी जात नाही, तिथे पाण्याने भरलेले वीस लिटरचे कॅन बांधतात. पण हिशेब करा, दोन कॅन म्हणजे चाळीस किलो. मोठ्या वाऱ्याला ते पुरणार नाहीत. म्हणून खरा उपाय एकच: धूळ उठायला लागली, पळसाची पानं उडायला लागली, की गिऱ्हाईक थांबवा आणि आधी छपरी गुंडाळा.

आमच्याकडे एप्रिलमधल्या एका बाजारात हे झालं नाही. गर्दी होती, भजी निघत होती. “एवढा घाणा काढू मग गुंडाळू,” असं आम्ही म्हणालो. एका झटक्यात स्क्रू निघाले, कापड उचललं गेलं आणि पुढचा पाईप फिरून तेलाच्या कढईपासून वीतभर अंतरावर पडला. तिथे दोन लेकरं प्लेट घेऊन उभी होती. कोणाला लागलं नाही. पण त्या दिवसानंतर आम्ही शेगडी छपरीखालून उचलली आणि बॉडीच्या आत, पत्र्याखाली नेली. ताडपत्री पेटते, आणि पेटलेलं प्लास्टिक थेंब थेंब अंगावर गळतं. कापडाखाली गिऱ्हाईक राहील, आग राहणार नाही. आणि आत शेगडी ठेवली तर खालच्या बाजूला, फरशीलगत जाळीची भोकं ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो.

नाटकाच्या रात्री आणखी दोन गोष्टी. ताणाच्या दोऱ्या अंधारात दिसत नाहीत, पडदा पडला की माणसं लगबगीने चहाकडे येतात आणि अडखळतात. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा. आणि दिवा बॅटरीवरचा, बारा व्होल्टचा लावा. जनरेटरची सोललेली वायर लोखंडी खांबाला गुंडाळू नका. पहाटे दवाने सगळं ओलं झालेलं असतं. छपरी उभी करण्याआधी वर बघा, वरून विजेच्या तारा जात असतील तर गाडी पुढे घ्या.

आता मुख्य गोष्टीवर येते.

छपरी पक्की केली, तरी दुपारी गिऱ्हाईक उन्हातच उभं राहत होतं. असं का? आपल्या वडशाला २३-२४ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच संपते. तेव्हा छपरीची सावली छपरीखालीच पडते. पण चार वाजता सूर्य पश्चिमेला इतका उतरतो, की साडेसहा फुटांवरच्या कडेची सावली जवळजवळ नऊ फूट पूर्वेला सरकते. छपरी सहा फुटांची आणि सावली सरकली नऊ फूट! छपरी पश्चिमेला असेल तर सावली गाडीवर जाते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर ऊन. मग आम्ही शिकलो. बाजाराच्या मैदानात जागा असेल तर सकाळी गाडीचं तोंड उत्तरेला, म्हणजे गल्ला पश्चिमेला. दुपारी गाडी फिरवायची, तोंड दक्षिणेला, म्हणजे गल्ला पूर्वेला. मग गाडीच स्वतःची दहा-अकरा फूट सावली गिऱ्हाइकावर टाकते. एक पैसा खर्च नाही. त्या दिवशी गल्ला वाढला आणि आम्ही खूश झालो.

आमच्या गटातल्या एक मावशी भांडी धुतात. वय साठीच्या पुढचं. उष्टी भांडी गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून त्या गाडीच्या पलीकडच्या बाजूला बसायच्या. गाडी फिरवली तेव्हा आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही की सावली इकडे आली म्हणजे ऊन तिकडे गेलं. पूर्वेला गिऱ्हाईक गार, आणि पश्चिमेला मावशी तापलेल्या पत्र्याला पाठ लावून, उन्हाकडे तोंड करून बसलेल्या. साडेचारला प्लेटा संपल्या म्हणून मी मागे गेले. मावशी म्हणाल्या, “बाई, मले गरगरून रायलं,” आणि तिथेच कलंडल्या. अंग चटका बसेल इतकं तापलेलं.

त्यांना सावलीत आणलं, पदर सैल केला, ओल्या फडक्याने अंग पुसलं, वारा घातला. शुद्धीवर होत्या म्हणून थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी दिलं. बोलणं असंबद्ध झालं असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, अंग ओलं करत राहा आणि लगेच १०८ ला फोन करा. उष्माघाताने माणूस जातं, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

मावशी बऱ्या झाल्या. पण दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, “छपरी तर गटाची हाये ना? मंग माह्या वाट्याची कोठी हाये?” बैठकीत कोणी बोललं नाही. त्यांचा हप्ता आमच्याएवढाच होता.

मैत्रिणींनो, आपण शेतात रोवणी करतो तेव्हा एकमेकीला पाणी देतो. पण धंदा सुरू झाला की सगळी नजर गल्ल्याकडे जाते. गिऱ्हाइकाला सावली, मालाला सावली, सिलेंडरला सावली. आणि जी कोपऱ्यात बसून भांडी घासते, कांदे चिरते, तिला उरलेलं ऊन. छपरीचं माप घेताना आम्ही टेप गाडीला लावला, माणसांना लावलाच नाही.

मग ठराव केला. मागच्या दाराला आणि उजव्या बाजूला दोन साध्या हिरव्या जाळ्या, आकड्याला अडकवायच्या. शिवणकाम गटातच झालं, आकडे त्याच वेल्डिंगवाल्याने बसवले. पश्चिमेच्या बाजूला जाळी सरळ जमिनीपर्यंत सोडतो, कारण उतरतं ऊन आडवं येतं, वरचं छप्पर ते अडवत नाही. ही बाजू रस्त्याकडे येत असेल तर मात्र धुण्याची जागा गाडीच्या मागे, रस्त्यापासून दूर घेतो. भांड्यांचं काम आता पाळीने आहे, एकीने तासाभराच्या वर बसायचं नाही. मावशी आता गल्ल्यावरही बसतात. सुट्टे पैसे त्यांच्याइतके चोख कोणी देत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

शेवटी देखभाल. ओलं कापड गुंडाळून ठेवावं लागलं तर घरी आल्यावर उघडून वाळवा. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट पान्याने आवळा. बिजागरीला आणि पिनांना तेल द्या. कापडाला छोटी चीर दिसली की त्याच दिवशी ठिगळ लावा, वारा चिरेतूनच शिरतो. छपरी उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या दोघींची नावं त्या दिवशीच्या वहीत लिहा, म्हणजे “तू करशील, मी करेन” होत नाही. आणि कापडासाठी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी ठेवा. ते कधीतरी फाटणारच आहे.

तुमच्या गटात गाडी यायची असेल, तर वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी एक करा. मोकळ्या पटांगणात चुन्याने गाडीचा चौकोन आखा. गिऱ्हाईक कुठे, शेगडी कुठे, भांडी कुठे, हे ठरवून तिथे तिथे बायका उभ्या करा. मग दुपारचं ऊन कुठून येतं ते बघा, आणि त्यानंतरच छपरीचं माप घ्या.

बस, एवढंच. उन्हात काम करणाऱ्या सगळ्या बहिणींनो, डोक्यावर ओला दुपट्टा आणि जवळ पाण्याची बाटली ठेवा. नमस्कार.